झाकलेला ग्लास

१

शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा बारमध्ये चार टाळकी उरली होती आणि चौघांपैकी एकालाही घरी जायचं नव्हतं. घंटा पितळेची, काउंटरच्या डोक्यावर टांगलेली. मालकाने तळघरात हा विलायती थाटाचा पब उभा केला, तेव्हा ती भंगारातून उचलून आणली होती. बाकी थाट बराचसा नकलीच होता. शेकोटीत लाकडं नव्हती, लाल दिवा होता. फळीवरची जाडजूड जुनी पुस्तकं एकमेकांना चिकटवलेली होती. एक काढायला जावं तर अकरा हातात यायची. काउंटर मात्र अस्सल लाकडाचं होतं आणि त्यामागे उभा राहणारा माणूसही अस्सल आहे, असं गिऱ्हाइकं म्हणायची.

त्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत. वीस वर्षं तो कॉकटेल बनवत होता. कुणाला काय लागतं, कुणाला कितीत चढते, कुणाच्या बायकोचा फोन आला तर काय सांगायचं, सगळं त्याला तोंडपाठ. या काउंटरमागे उभं राहिलं की त्याची छाती दोन इंच फुगायची. तिथे त्याला मान होता आणि तो त्याने कमावलेला होता.

काउंटरच्या डाव्या टोकाला 'कोनाडा' होता. म्हणजे एका माणसापुरती लाकडी खोली. जुन्या विलायती पबांत म्हणे अशा खोल्या असत, पिताना कुणी बघू नये असं ज्यांना वाटे त्यांच्यासाठी. दार जिन्याखालच्या बोळातून, आणि काउंटरच्या बाजूला दुधी काचेची झडप. ती वीतभर वर उचलली जायची, जास्त नाही. तिच्यातून भरलेला ग्लास आत जायचा, रिकामा बाहेर यायचा. बारवाल्याने हात बघायचे, वाकून तोंड बघायचं नाही, हा मालकाचा कडक नियम होता.

दुसरा नियम सगळ्या बारचाच. ग्लासाखाली जी पुठ्ठ्याची चकती ठेवतात, ती ग्लासावर झाकून गिऱ्हाईक उठलं, तर त्याचा अर्थ एकच: मी येतोय, माझं उचलू नका. असा झाकलेला ग्लास उचलणं म्हणजे माणसाला दंडाला धरून बाहेर काढणं. नवशिकासुद्धा ही चूक करत नाही.

त्या रात्री चौघांना वाटेला लावून उस्ताद फडकं घेऊन काउंटर पुसत पुसत डाव्या टोकाला आला. काच पुसायला त्याने झडप उचलली. आत, फळीवर, एक उंच ग्लास होता. लिंबू-सोडा, अर्धा प्यायलेला. वर चकती झाकलेली.

कोनाड्यात पंधरा दिवस कुणी बसलं नव्हतं. दाराला कुलूप होतं आणि किल्ली उस्तादच्या खिशात होती. त्याने हात घालून ग्लास बाहेर काढला आणि चकती दूर केली. सोड्याचे बुडबुडे वर येत होते. बर्फाच्या खड्यांच्या कडा अजून धारदार होत्या.

'कोणीतरी माझी फिरकी घेतंय,' तो स्वतःशी म्हणाला आणि ग्लास बेसिनमध्ये ओतून टाकला. पण त्या कोनाड्यात बसून लिंबू-सोडा प्यायलेला एकच माणूस त्याला आठवत होता, आणि त्याला जाऊन पाच आठवडे झाले होते. ते त्याचे बाबा होते.

२

बाबा त्या बारमध्ये एकदाच आले.

ते आयुष्यभर एका गिरणीच्या बॉयलरवर फिटर होते. बॉयलरने त्यांचे कान खाल्ले. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्याने बोलतात, तसे बाबा बोलायचे. घरात मीठ मागितलं तरी शेजारी दार उघडून बघायचे. गिरणीला लागूनच त्यांची दोन खोल्यांची चाळ होती आणि छपरावर भोंगा होता. उस्ताद लहान असताना भोंग्याला फार घाबरायचा. भोंगा व्हायच्या आधी भिंतीत एक बारीक थरथर यायची. ती जाणवली की बाबा असतील तिथून उठून मागे येत आणि दोन्ही तळव्यांनी त्याचे कान झाकत. राठ तळवे, वंगणाचा आणि कपड्याच्या साबणाचा वास. भोंगा थांबला की मगच हात काढत. स्वतःचे कान मात्र त्यांनी कधी झाकले नाहीत.

तर असे बाबा एका रात्री दहाच्या सुमाराला जिना उतरून आले. अंगात कोपरावर ठिगळ लावलेलं मरून स्वेटर, हातात कापडी पिशवी. बार भरलेला होता. काउंटरवर वकीलसाहेब आणि त्यांची मंडळी बसली होती. वकीलसाहेब म्हणजे या बारचे मानकरी. त्यांनी वाखाणलेलं कॉकटेल दुसऱ्या दिवशी सगळे मागत.

"अरे, केवढा अंधार करून ठेवलायस!" बाबा म्हणाले, आणि सगळा बार वळून बघायला लागला. "बाळा, तुला एक गंमत सांगायची होती."

"नंतर सांगा, बाबा. गर्दी आहे," तो दबक्या आवाजात म्हणाला.

पण बाबांचं लक्ष काउंटरमागच्या नळाकडे गेलं होतं. तो नळ महिनाभर ठिबकत होता. फिटरला ते कसं बघवणार? त्यांनी पिशवीतून पाना काढला, गुडघे टेकून बसले आणि चार मिनिटांत ठिबकणं बंद केलं. उठताना त्यांचा हात उस्तादच्या इस्त्रीच्या शर्टावर टेकला आणि शर्टाला काळा डाग पडला.

उस्तादने त्यांना घाईघाईने कोनाड्यात नेऊन बसवलं. लिंबू-सोडा दिला. "कुठे उठून जायचं असेल तर ही चकती ग्लासावर ठेवा, कोणी उचलणार नाही," हे तो अगदी हळू बोलला, कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून.

"वा, चांगली युक्ती आहे," बाबा हसून म्हणाले.

तो काउंटरवर परत आला तर वकीलसाहेबांनी भुवया उंचावल्या. "हा कोण रे?"

आणि उस्ताद म्हणाला, "नळवाला."

वकील हसले. आणखी काही बोलणं झालं असेल, ते त्याला आठवत नव्हतं. दहा मिनिटांनी त्याने झडप उचलली तेव्हा आत कुणी नव्हतं आणि ग्लासावर चकती होती. बाबा मोरीकडे गेले असणार. ते परत येतील, पुन्हा 'बाळा' म्हणून हाक मारतील, सगळ्या बारला ऐकू जाईल. उस्तादने ग्लास उचलला, बेसिनमध्ये ओतला, मागून जाऊन कोनाड्याच्या दाराला कुलूप घातलं आणि काउंटरमागे येऊन उभा राहिला.

थोड्या वेळाने दाराची मूठ दोनदा फिरली. खट. खट. मग काही आवाज आला नाही.

आठ दिवसांनी बाबा झोपेतच गेले. त्या आठ दिवसांत उस्ताद आई-बाबांच्या घरी फिरकला नव्हता. रडता रडता त्याने एकच गोष्ट मनाशी घट्ट धरून ठेवली: बाबांना ऐकू येत नव्हतं. दाराला कुलूप बघून त्यांना वाटलं असेल, बार बंद होतोय. नळवाला हा शब्द त्यांच्या कानावर गेलेला नाही.

३

दुसऱ्या रात्री ग्लास होता. तिसऱ्या रात्रीही होता.

उस्ताद शहाणा माणूस होता. बारमध्ये रोज शंभर बाता ऐकणारा माणूस भुताखेतावर कशाला विश्वास ठेवेल? चौथ्या दिवशी त्याने कुलूप बदललं. कोनाड्याची फळी, बाक, कोपरे टॉर्चने तपासले. मग वर जाऊन पहिलवानाला धरलं. पहिलवान म्हणजे दारावरचा माणूस; देह आडदांड, जीव मात्र मुंगीएवढा.

"माझ्यामागे खाली कोण जातं?"

"कोणी नाही. आत गेलेलं माणूस अन् माणूस मी बाहेर येताना बघतो." पहिलवानाने जरा घुटमळून विचारलं, "उस्ताद, एक विचारू का? ते म्हातारेबाबा, मरून स्वेटरवाले, त्या रात्री आले होते ते. तुमच्या ओळखीचे होते का?"

"का?"

"जाताना माझ्याशेजारी पायरीवर बसले होते बराच वेळ. टॅक्सी बोलावू का विचारलं तर म्हणाले, 'नको, मी नळाच्या कामाला आलो होतो, चालत जाईन.'"

उस्ताद जिन्याचा कठडा धरून उभा राहिला. पहिलवान त्याच्या तोंडाकडे बघत होता. आता सांगायला हवं होतं, वडील होते माझे. दोन शब्दांचं काम. पण मग पहिलवान विचारणार, वडिलांना पायरीवर बसू दिलंत?

"होता एक ओळखीचा," तो म्हणाला आणि खाली आला.

नळ तर त्यांनी खरंच दुरुस्त केला होता. फिटर माणूस, सहज म्हणाले असतील. त्याने स्वतःची अशी समजूत घातली, आणि ती घालताना त्याला स्वतःचीच शिसारी आली.

त्या रात्री त्याने ग्लास ओतला नाही. झडप बंद केली, दिवे मालवले आणि जिन्याकडे वळला. मागून दाराची मूठ फिरली. खट. खट. तो मागे न बघता वर गेला.

४

सुट्टीच्या दिवशी तो आईकडे गेला. आईने बाबांचं कपाट आवरायला काढलं होतं. पलंगावर घडी केलेलं मरून स्वेटर, पाने-पकडींची पिशवी, चष्मे, आणि एक छोटी निळी डबी.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"कानाचं मशीन. तुला सांगितलं नाही त्यांनी?" आई चकित झाली. "अरे, तू नको नको म्हणत असताना पेन्शनीतून पैसे साठवून घेतलं. रात्री नऊला डॉक्टरांनी लावून दिलं आणि घरी न येता तिथूनच तुझ्याकडे गेले. मी फोनवर म्हटलं, जेवून तरी जा. तर म्हणाले, 'आधी पोराच्या बारचा आवाज ऐकून येतो, मग घरचा ऐकतो.' लहान मुलासारखं झालं होतं त्यांना."

उस्तादला कोनाडा आठवला. तो किती हळू बोलला होता. आणि बाबा एका फटक्यात म्हणाले होते, चांगली युक्ती आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्यांच्याशी काही दोनदा बोलावं लागलं नव्हतं, आणि त्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"मग घरी लावत का नव्हते?"

"काय माहीत बाई. दुसऱ्याच दिवशी डबीत घालून ठेवलं. मी विचारलं, टोचतंय का? तर म्हणाले, 'नको ते. फार ऐकू येतं.'" आईने डबी त्याच्यापुढे धरली. "तुझ्याकडे काय झालं त्या दिवशी? खूश होते ना बारमध्ये?"

"हो," तो म्हणाला. "खूप खूश होते. सगळ्यांशी ओळख करून दिली मी."

आईने डोळ्यांना पदर लावला. तिला किती बरं वाटलं ते त्याला दिसत होतं. जमिनीने पोटात घेतलं असतं तर तो त्या क्षणी आनंदाने गेला असता.

५

आता एकच आधार उरला होता. काच. दुधी काच बोटभर जाड होती, खोली चहूबाजूंनी लाकडाची. झडप बंद असताना बाहेरचं आत ऐकू जात नसणार. मालकाने ती खोली बांधलीच मुळी गुपचूप बसायला. मशीन असो नाहीतर आणखी काही, बंद काचेतून काय ऐकू येणार?

झडप त्या वेळी बंद होती का? बंदच असणार.

शुक्रवारी बार तुडुंब होता. उस्तादचे हात नेहमीच्या सफाईने चालले होते. अकराच्या सुमाराला वकीलसाहेबांनी मान वाकडी करून डाव्या टोकाकडे पाहिलं.

"काय रे उस्ताद, कोनाड्यात आज कोणतं बडं प्रस्थ बसवलंयस?"

उस्तादने पाहिलं. दुधी काचेमागे अंधारापेक्षा किंचित गडद असं काहीतरी होतं. खांदे आणि डोकं असावं, एवढंच. ते हलत नव्हतं.

"कोणी नाही, साहेब. शेकोटीचा दिवा पडतो काचेवर."

"माणूसच वाटतोय. का तो नळवाला आलाय परत?" वकील म्हणाले, आणि मंडळी हसली.

त्याच्या मनात वाक्य तयार होतं. ते माझे वडील होते, साहेब. इतके आठवडे तो ते घोकत होता, आणि आता तर ते बोलायला कुणी अडवलंही नव्हतं. ऐकणारा बहुधा काचेपलीकडेच बसला होता. उस्तादने तोंड उघडलं. वकिलांच्या ग्लासात बर्फ किणकिणला, सगळी मंडळी त्याच्याकडे बघत होती.

"तो कशाला येतोय आता," उस्ताद म्हणाला, आणि तोही हसला.

काचेमागचं गडद काहीतरी जरासं खाली वाकलं. ऐकताना माणूस मान खाली घालतो, तेवढंच. मग तिथे नुसती काच होती.

६

बार रिकामा झाल्यावर त्याने ठरवलं की आज सोक्षमोक्ष लावायचा.

काउंटरच्या खालच्या फळीवर एक छोटा रेडिओ होता, दुपारी भांडी धुताना लावायचा. त्याने तो काउंटरवर ठेवला, जिथे वकील बसतात तिथे. कुणीतरी बातम्या वाचत होतं. आवाज माणूस बोलतो तेवढाच ठेवला. झडप नीट खाली केली. मग जिन्याखालून बोळात गेला, कुलूप काढलं, आत शिरला आणि दार लावून घेतलं.

कोनाड्यात तो कधी बसला नव्हता. बाक अरुंद होता, गुडघे समोरच्या फळीला लागत होते. फळीवर ग्लास होता, वर चकती. त्याने त्याला हात लावला नाही. कान टवकारून बसला.

काही ऐकू येत नव्हतं. बातम्या नाहीत, खरखर नाही. तो मिनिटभर थांबला, मग आणखी मिनिटभर. त्याच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. नव्हतं ऐकू आलं! बाबांनी काही ऐकलं नव्हतं. पायरीवर बसले ते गुडघे दुखले म्हणून, मशीन काढून ठेवलं ते टोचलं म्हणून. त्याला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. उद्या आईला जाऊन सांगू, असं त्याला वाटलं, पण काय सांगणार ते सुचेना.

मग पाठीमागच्या फळ्यांत एक बारीक थरथर आली.

पलीकडे सोड्याच्या बाटलीचं बूच उडालं. फस्स. बर्फ ग्लासात पडला. लांब चमचा काठावर दोनदा वाजला. ग्लास पुढे करण्याआधी उस्ताद नेहमी असा दोनदा वाजवायचा, त्याची ती सवय गिऱ्हाइकांना आवडायची. काचेवर उजेड आला आणि उजेडात काउंटरमागे उभा असलेला एक माणूस दिसला. पुसट, पांढऱ्या शर्टातला, पोटाजवळ एक काळा डाग असलेला. भोवती बार भरलेला होता. खुर्च्या सरकत होत्या, माणसं बोलत होती, आणि शब्द अन् शब्द कानाशी बोलल्यासारखा स्वच्छ ऐकू येत होता.

"हा कोण रे?" वकिलांचा आवाज.

पुढचं त्याला माहीत होतं. त्याने डोळे मिटले. आणि त्याच वेळी मागून, जिथे भिंतीला टेकलेली त्याचीच पाठ होती आणि दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती तिथून, दोन हात आले आणि त्याच्या कानांवर बसले. राठ तळवे. वंगणाचा आणि कपड्याच्या साबणाचा वास. जोर नव्हता त्यांत, पोराला दुखू नये इतपतच दाब होता.

"नळवाला," बाहेरचा उस्ताद म्हणाला.

तळव्यांतूनही ऐकू आलं. आणि आधी हसले ते वकील नव्हते. आधी तो स्वतः हसला होता, आणि मग वकील. आठवत नव्हतं ते पुढचंही आता आलं, त्याच्याच गोड, कमावलेल्या आवाजात.

"असल्यांना काउंटरवर कुठे बसवायचं, साहेब? सोडा पाजतो आणि घालवतो."

"बाबा," तो म्हणाला. मान वळवायची त्याची छाती झाली नाही. कानांवरचे हात थंड होते आणि फार दमलेले होते, पण निघत नव्हते. लहानपणी भोंगा थांबला की बाबा हात काढायचे. तोही आवाज थांबायची वाट बघत राहिला.

बाहेर चमचा काठावर दोनदा वाजला. खुर्ची सरकली.

"हा कोण रे?" कुणीतरी पुन्हा विचारलं, आणि ते हात त्याच्या कानांवर आणखी घट्ट झाले.